जेवणाचं रीळ

अध्यक्ष नाईकसाहेब, सावंतकाकू, आपल्या दोन्ही चाळींतली आणि समोरच्या सोसायटीतली मंडळी,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. तुम्ही मला ओळखता ते मंडळाचा फळा लिहिणारा विजू म्हणून. फळ्यावर चुकलं तर पुसता येतं. बोललेलं पुसता येत नाही, म्हणून कागदावर लिहून आणलंय.  मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

सावंतकाका गेले. परवा सकाळी डबा भरून तयार होता, चप्पल घालायला वाकले आणि तिथेच बसले. उठले नाहीत. हे तुम्हाला माहीत आहे. माझ्याआधी जे बोलले त्यांनी सांगितलं, काका मनमिळाऊ होते. काका सगळ्यांशी जुळवून घ्यायचे.

नाईकसाहेब, तुम्ही तर त्यांना हट्टी म्हणायचात. माफ करा, पण तुमचं तेव्हाचंच बरोबर होतं. काका हट्टी होते. आणि त्यांचा हट्ट एकच होता. एक सिनेमा.

कुठला, ते सांगायला नको. तुम्ही कमिटीवाले त्याला 'झोपेची गोळी' म्हणायचात.

आज सोसायटीतले काही पाहुणे नवीन आहेत, म्हणून सांगतो. गणपतीत आपण रस्त्यात पांढरं कापड बांधून पिक्चर दाखवतो. कापडाच्या पुढे खुर्च्या. तिथे कमिटी, एक नंबर चाळ आणि सोसायटी. कापडाच्या मागे चटया. तिथे आमची दोन नंबर चाळ. मागूनही पिक्चर दिसतो, पण उलटा. दुकानांच्या पाट्या उलट्या, गाड्या उलट्या बाजूनं. आम्हाला त्याची इतकी सवय, की लहानपणी मला वाटायचं, पुढचेच लोक बिचारे उलटं बघतात.

पिक्चर निवडायचं काम काकांकडे होतं. एका वर्षी त्यांनी हा आणला. खुनाचा पिक्चर. पण खून दिसत नाही. दोन भाऊ एका घरात राहतात, त्यांचा भाडेकरू मरतो. डॉक्टर एकदाच म्हणतो, मारणारा डावखुरा होता. मग पोलीस येतात, चहा पितात, जातात. कुणी धावत नाही. गोळी सुटत नाही. आणि शेवटाकडे ते जेवण. दोघे भाऊ समोरासमोर बसतात. थोरल्याची बायको वाढते. कॅमेरा हलत नाही. भात, आमटी, पाणी. कुणी एक शब्द बोलत नाही. एक भाऊ उजव्या हातानं जेवतो, एक डाव्या. बस. पुढे कुणी काही सांगत नाही, कुणाला बेड्या पडत नाहीत. ज्यानं जेवण बघितलं त्याला कळलं. ज्यानं नाही बघितलं, त्याचा पिक्चर फुकट.

पुढच्या खुर्च्या तेव्हाच सरकल्या. कुणी म्हणालं, आम्हाला पण घरी जाऊन जेवायचंय. लोक हसले आणि उठले.

मागे कुणी उठलं नाही. का उठलं नाही? मला वाटतं, आम्ही ते जेवण ओळखलं. गिरणी संपाच्या वर्षी आमच्या खोलीत रोज तसंच जेवण व्हायचं. बाबा ताटाकडे बघायचे, आई बाबांकडे. काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक, आणि बोलायचं कुणी नाही. पडद्यावर ते कुणी दाखवेल असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नळावर भांडण लागलं. पुढचे जे मोजके थांबले होते ते म्हणाले, मारणारा धाकटा. आमची अख्खी चाळ म्हणाली, थोरला. माझी आई, ती बघा तिथे बसलीय, काकांना जिन्यात अडवून म्हणाली, "भावजी, थोरलोच तो. डाव्या हातान जेवता, तुमका दिसूक नाय?"

काका नुसते हसले. म्हणाले, "वहिनी, परत बघूक होया."

आम्ही सगळं उलटं बघितलं होतं. आमचा डावा तो खरा उजवा. हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वर्षभर धाकटावाले आणि थोरलावाले असे दोन पक्ष होते. कामतआजोबांनी तर न्हावी बदलला, कारण जुना न्हावी धाकटावाला निघाला. मंडळी, धावपळीचे इतके पिक्चर आपण दाखवले. एकावर तरी कुणी न्हावी बदलला?

मी काकांना विचारलं, तुम्ही सांगून का टाकत नाही? ते म्हणाले, सांगितलं की संपलं, त्यांना स्वतःला दिसू दे. मग मी विचारलं, पण पिक्चर एवढा हळू कशाला ठेवलाय? तेव्हा ते जे बोलले ते मी तसंच वाचतो.

"विजू, धावपळीत माणूस घाबरत नाही रे, दचकतो. घाबरायला वेळ लागतो. खून कोणीही दाखवेल. खुनानंतर माणसं जेवतात, ते कोण दाखवतो?"

मग त्यांनी गावची गोष्ट सांगितली. काकू, मी सांगतोय, रागावू नका. गावचं घर त्यांच्या भावानं गुपचूप स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. काकांना ते कळलं, आणि काकांना कळलंय हे भावालाही कळलं. तरी सुट्टी संपेपर्यंत दोघं एका पंगतीला जेवत होते. काका म्हणाले, "तो मला आग्रह करून मासे वाढत होता. मी घेत होतो." एवढंच. 

पुढच्या वर्षी काकांनी कमिटीत दोन गोष्टी मागितल्या. तोच पिक्चर पुन्हा, आणि प्रोजेक्टर दुसऱ्या टोकाला. एक वर्ष दोन नंबर चाळ पुढे, सोसायटी मागे. कमिटीनं नाइलाजानं हो म्हटलं. आमच्या बायका त्या संध्याकाळी लग्नाला जावं तशा नटून आल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा गणपतीतला पिक्चर सरळ बघायचा होता.

आणि जेवण आलंच नाही.

पोलीस चहा पिऊन गेले, आणि एकदम दोघे भाऊ अंगणात उभे. पिक्चर खलास. आमच्या चाळीनं शिट्ट्या मारल्या. आई म्हणाली, "भावजी, तुमी आमका फसवलात." कुणीतरी काकांच्या अंगावर शेंगांची टरफलं फेकली. काका उभे होते. टरफलं झटकली नाहीत.

आई, काकांनी फसवलं नव्हतं. कमिटीनं ऑपरेटरला ते रीळ लावू नको म्हणून सांगितलं होतं. कमिटीतल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. मलाही माहीत आहे, कारण नंतर कमिटीची जी सभा झाली, तिचा फळा मीच लिहिला आणि मागे उभा राहून सगळं ऐकलं. काकांनी विचारलं, रीळ का काढलं? नाईकसाहेब, तुम्ही म्हणालात, "अहो, जेवणाचं रीळ ते. त्यात खून आहे का?"

सगळे हसले. मग काकांना पिक्चरच्या कामातून मोकळं केलं. मग भजी आली. सगळ्यांनी खाल्ली. काकांसमोरही कुणीतरी बशी सरकवली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, चाळीत सांगूया. ते म्हणाले, नको, विसर्जनाला डोकी फुटतील. लोक मला शिव्या देतायत, देऊ दे. गणपती नीट जाऊ दे.

याला तुम्ही जुळवून घेणं म्हणता का?

त्यानंतर दरवर्षी ते कमिटीकडे जायचे. एकदाच दाखवा, पूर्ण दाखवा, आमच्या बाजूनं दाखवा. दरवर्षी उत्तर यायचं, पुढच्या वर्षी बघू. आता त्यांना पुढचं वर्ष नाही.

आणि आज काय झालं? सभा सुरू व्हायच्या आधी नाईकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, यंदा गणपतीत सावंतांच्या स्मरणार्थ तोच पिक्चर लावू, तू झकास फळा लिही.  मी खडू काढला. मग ते म्हणाले, "आणि खाली लिही, कंटाळवाणा भाग वगळून. लोक बसायला हवेत ना रे."

नाईकसाहेब, तो फळा मी लिहिणार नाही.

मी नववीत शाळा सोडली. या गल्लीत मला मान आहे तो त्या फळ्यामुळे. तुम्ही उद्या दुसऱ्या कुणाला खडू द्याल, तो लिहील. द्या. पण सावंतकाकांचं नाव आणि 'वगळून' हा शब्द एका फळ्यावर माझ्या हातून यायचा नाही. दाखवायचा तर सगळा दाखवा आणि प्रोजेक्टर आमच्या टोकाला लावा. नाहीतर दाखवू नका. त्यांच्या नावानं नवीन टाळ्या घेऊ नका. मी आत्ता सांगितलं तरी माझी आई म्हणेल, थोरल्यानंच मारलं. माझ्या सांगण्यानं तिला पटायचं नाही. तिला दिसलं पाहिजे.

माझं संपलं. आता श्रद्धांजलीसाठी उभं राहायचं आहे. आपल्याकडे दोन मिनिटं म्हणतात, अर्ध्या मिनिटात कुणीतरी खोकतं, अध्यक्ष 'बसा' म्हणतात आणि चपलांची शोधाशोध सुरू होते. आज कुणी घड्याळ बघू नये. अध्यक्षांनी 'बसा' म्हणू नये. सावंतकाकू बसतील तेव्हा आपण बसू. त्यांना वाटेल तितका वेळ त्या उभ्या राहतील.

ज्यांना घाई आहे, त्यांनी आत्ताच उठून जावं. वाट मोकळी आहे.

बाकीच्यांनी उभं राहावं.