घोड्याच्या मापाचे बूट

परत सांगू? अगं पोरी, परवाच नाही का तुझ्या त्या यंत्रात बोललो – बंद होतं? मग त्यात माझा काय दोष! तुमच्या कॉलेजात दुसरे धंदे नाहीत वाटतं, म्हाताऱ्यांना गरिबी विचारत फिरता ते! बरं, ऐक. एकदाच सांगेन.

आमच्या केंटकीच्या डोंगरात बूट घ्यायला पाय कधी जायचाच नाही – काडी जायची. आई पायाखाली काडी धरणार, अंगठ्याशी मोडणार, तंबाखू विकायला खाली जाणारा ती खिशातून नेणार, दुकानदार बुटात घालून बघणार – झालं माप. बूट नाहीत तर हिवाळाभर शाळा नाही, बर्फातून अनवाणी कोण जातंय? त्या वर्षी बाप तापानं आडवा, म्हणून थोरला भाऊ काड्या घेऊन खाली गेला. आता दुकानाच्या ओसरीवर आमचे बाप्ये काय करतात? – गप्पा हाणत चाकूनं लाकूड तासतात. ह्यानंही खिशात हात घातला, हाताला लागली माझी काडी – आणि गड्यानं टोकाला घोड्याचं तोंड कोरलं की! कान-बिन सगळं. दुकानदारानं घोडा मापला.

बूट आले, पाय जाईना. आईनं काडी आत घातली – चपखल! मग चुकलं कोण? – पाय. बाप खाटेवरून ओरडला, "खायला दाणा नाही आणि कार्टं पाय वाढवतंय!" घोडा मात्र घरभर फिरला, जो तो वाखाणतोय – पण टोकाचं बोटभर लाकूड गेलं कुठं, हे एकानं विचारलं नाही. खारात काकड्या आक्रसतात ना – आईनं माझे पाय पिंपात घातले, काकड्यांसकट. हसू नकोस! त्याच काकड्या आम्ही पुढं महिनाभर खाल्ल्या. पाद्रीबाबानं पायांवर हात ठेवून देवाला साकडं घातलं – देवा, हे लहान कर! देवानं ऐकलं नाही, शहाणा आहे.

शेवटी बूट धाकट्या बहिणीला, आयसीला गेले. ती शाळेत गेली, मास्तरीण झाली. मी चुलीपाशी बसलो – पुढच्या वर्षी नांगरामागं. निम्मी अक्षरं झाली होती माझी, चांगली येत होती, मास्तर म्हणायचा... जाऊ दे. तू दिलेला तो सहीचा कागद? – मी उलटा धरलाय होय? बरं.

बापाला मी माफ केलं, देवालाही. पण हा थोरला अजून दर रविवारी येतो, माझं जेवतो, माझ्या पायांकडं बघतो नि म्हणतो, "वाढलेच होते." उचल ते यंत्र आणि जा. मात्र नाव घाल त्यात, पूर्ण घाल – होबार्ट स्टॅम्पर.