पॉलेटचं सगळं छान चाललंय

(जूनमधली दुपार. मॅसॅच्युसेट्समधल्या एका मुलींच्या कॉलेजच्या हिरवळीवर तंबू. पंचाहत्तर सालच्या बॅचला पन्नास वर्षं झाली म्हणून मेळावा. नोंदणीच्या टेबलामागे बॅचची सचिव ग्रेचेन, समोर पॉलेट. दोघीही पांढऱ्या कपड्यांत. मिरवणुकीला पांढरंच लागतं.)

ग्रेचेन : पण तू येणार नव्हतीस, पॉलेट.

पॉलेट : असं कोण म्हणालं?

ग्रेचेन : तूच म्हणालीस. कॉलेजच्या पत्रिकेच्या मागच्याच अंकात, आपल्या बॅचच्या बातम्यांत. "द्राक्षतोडणी चालू असल्यामुळे पॉलेट थिबोडोला पोर्तुगालहून येणं जमणार नाही, पण मनानं ती आपल्यातच असेल."

पॉलेट : जूनमध्ये द्राक्षं तोडत नाहीत.

ग्रेचेन : हे तुला कुठून कळलं?

पॉलेट : वाचनालयातून पुस्तक आणलं होतं. आपला स्वतःचा मळा आहे म्हटल्यावर थोडं तरी माहीत असावं माणसाला.

ग्रेचेन : हळू बोल गं. माणसं आहेत आसपास.

पॉलेट : मी मेन राज्यातून तीन बस बदलून आलेय. माझा बिल्ला दे.

ग्रेचेन : तुझा नाहीये. न येणाऱ्यांचे छापलेच नाहीत. वारलेल्यांचे छापलेत, ते त्या फळ्यावर टाचायचेत. वारली असतीस तर सोय होती.

पॉलेट : साधा कागद घे, त्यावर नाव लिही, टाचणी दे. मला चालेल.

ग्रेचेन : आणि पुढे?

पॉलेट : पुढे संध्याकाळच्या बैठकीत माझी दोन मिनिटं. आपलं काय चाललंय ते प्रत्येकीनं उठून सांगायचं असतं ना? पन्नास वर्षांत मी एकदाही सांगितलं नाही. माझ्या वाटणीचं तूच सांगत आलीस.

ग्रेचेन : चांगलंच सांगत आले की! एक शब्द वाईट लिहिला असेल तर दाखव.

पॉलेट : नाही लिहिलास. तीच तर कटकट आहे.

ग्रेचेन : हे बघ, सुरुवात तुझी. ऐंशी साली तू मला कार्ड पाठवलंस. "शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, आईजवळ राहते, बरं चाललंय." आता मला सांग, हे छापायचं कसं? तुझ्या वर एक मेंदूची सर्जन. खाली एक राजदूताशी लग्न केलेली. आणि मध्ये तू, हातात डाव घेऊन! अख्खं सदर खाली बसलं असतं. मी फक्त जरा सारखं केलं. "पॉलेट पाककलेच्या क्षेत्रात स्थिरावली आहे." यात खोटं काय?

पॉलेट : यात काही नाही.

ग्रेचेन : झालं तर!

पॉलेट : पुढच्या वर्षी मी युरोपात स्थिरावले.

ग्रेचेन : लोकांनी विचारलं, कुठे स्थिरावली? काहीतरी सांगायला नको?

पॉलेट : मग रेस्टॉरंट. मग मळा. मग नवरा.

ग्रेचेन : दुआर्ते. मला स्वतःला फार आवडायचा तो.

पॉलेट : मग मारलास कशाला त्याला?

ग्रेचेन : दोन हजार अकराला कुणाकडूनच काही आलं नव्हतं गं. सगळ्यांचे गुडघे बदलले, एवढीच बातमी. अंकाला काहीतरी लागतं की नाही? आणि घोड्यावरून पडून गेला, रुबाबात गेला. एकोणतीस पत्रं आली सांत्वनाची. मी एकेकीला तुझ्या वतीनं उत्तर लिहिलं, हातानं! हे मनगट बघ. ते तेव्हापासून असं आहे.

पॉलेट : सुरुवातीला मलाही मजा वाटायची, खोटं कशाला बोलू. मधल्या सुट्टीत आमच्या स्वयंपाकघरातल्या बायका अंक मोठ्यानं वाचायच्या. दुआर्तेशी माझं लग्न झालं तेव्हा त्यांनी केक आणला होता.

ग्रेचेन : बघ! किती आनंद दिला मी!

पॉलेट : नंतर दोनदा कळवलं तुला, हे बंद कर म्हणून.

ग्रेचेन : आणि दोन्ही वेळा मी छापलं.

पॉलेट : काय छापलंस?

ग्रेचेन : "पॉलेट अजूनही तशीच विनम्र. म्हणते, 'मी आपली साधी स्वयंपाकीण.'"

पॉलेट : त्या दुसऱ्या फळ्यावर तो फोटो कुणाचा? माझ्या नावाखाली जी उभी आहे?

ग्रेचेन : माझी नणंद. पण हॅट काय शोभतेय बघ तुला.

पॉलेट : आणि या बारा बाटल्या?

ग्रेचेन : तुझ्या मळ्यातल्या. संध्याकाळच्या जेवणासाठी तू पाठवल्यास. लेबलं चिकटवता चिकटवता माझे दोन दिवस गेले.

पॉलेट : हा डबा उघड.

ग्रेचेन : बिस्किटं?

पॉलेट : कात्रणं. माझ्या आईची. अंक घरी यायचा, ती भिंग घेऊन बसायची आणि माझं तेवढं कापून ठेवायची.

ग्रेचेन : अय्या, किती गोड!

पॉलेट : आधी तिला कळत होतं की मी शेजारच्या खोलीत झोपते आणि हे सगळं काहीतरीच आहे. मग डोकं भरकटायला लागलं. मला तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथे नर्सकडून अंक वाचून घ्यायची. छापलेलं ते खरं, असं होतं तिचं. जन्मभर चर्चचं पत्रक वाचलेली बाई. मी रोज कामाची पाळी संपली की सूप भरवायला जायचे. ती तोंड फिरवायची. म्हणायची, "तिकडे तुझ्या अकरा खोल्या, आणि मला इथे टाकलंस."

ग्रेचेन : चौदा. नंतर मी पाहुण्यांसाठी तीन वाढवल्या होत्या.

पॉलेट : शेवटचं वर्षभर तर मी तिला तिथली मोलकरीण वाटायचे. मला म्हणायची, "बाई, तेवढं पॉलेटला कळवा. पोर्तुगालला असते. कळलं तर येईल ती." मी म्हणायचे, कळवते.

ग्रेचेन : आता कशा आहेत?

पॉलेट : मार्चमध्ये गेली. घर भावाच्या नावे करून गेली. पॉलेटला काय कमी आहे म्हणे. पंचेचाळीस वर्षं राहिले मी त्या घरात. आता बोलिंगच्या हॉलवर एक खोली आहे माझी. रविवारी दिवसभर खाटेखाली चेंडू गडगडत असतात.

ग्रेचेन : अगं! त्र्याण्णवचा उन्हाळी अंक! त्यातलं पान आहे की हे! माझ्याकडचा हरवला होता, संच अपुरा होता माझा. हे मी घेऊ?

पॉलेट : घे. अख्खा डबा घे. बिल्ला दे.

ग्रेचेन : पॉलेट, माझं ऐक. आज मला चांदीचा वाडगा मिळतोय. शेहेचाळीस वर्षं सचिवपद केल्याबद्दल. आपल्या बॅचमधली एकही बाई हरवली नाही, एकीचीही बातमी राहिली नाही. बाकीच्या बॅचमध्ये बघ, निम्म्या बेपत्ता. तू उठून बोललीस, तर पुढे काय होईल?

पॉलेट : काय होईल?

ग्रेचेन : बाकीच्यांच्या बातम्याही तपासतील.

पॉलेट : बाकीच्यांच्याही?

ग्रेचेन : सगळ्यांच्या नाही गं! राजदूत खरा आहे.

पॉलेट : मला तुझा वाडगा नको. मला एवढंच सांगायचंय की मी पॉलेट, मी शाळेत स्वयंपाक करायचे, आणि मी माझ्या आईला टाकलं नव्हतं. दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत.

ग्रेचेन : गप्प बस, गप्प बस, मार्शा आली. बॅचची अध्यक्ष आहे ती आता.

मार्शा : ग्रेचेन, बर्फाचं काय झालं? आणि बाई, तुम्ही इथे काय करताय? जेवणाचा तंबू मागच्या बाजूला.

पॉलेट : मी जेवणाकडची नाही.

मार्शा : गणवेश तर तोच दिसतोय. खिशावर "शालेय स्वयंपाकघर" शिवलंय की.

पॉलेट : पांढरं घालून या असं पत्रात होतं. माझ्याकडे पांढरं एवढंच आहे. इस्त्री करून आणलंय.

मार्शा : कुठलं पत्र?

पॉलेट : मार्शा, मी पॉलेट. पॉलेट थिबोडो.

मार्शा : फारच छान! ग्रेचेन, ही गंमत कुणाची? दुपारच्या कार्यक्रमात आहे का? मला कुणी काही सांगतच नाही.

पॉलेट : गंमत नाही.

मार्शा : अहो, पॉलेटचा फोटो तिथे लावलाय. तुमच्यापेक्षा वीतभर उंच आहे ती. आणि तिची वाइन मी आत्ताच चाखली. काय सांगू! जिभेवर ऊन पडतं.

पॉलेट : ती सुपरमार्केटमधली आहे. खालच्या फळीवरची.

मार्शा : पॉलेटच्या वाइनबद्दल असं नाही हं बोलायचं. नवरा गेल्यावर एकटीनं उभा केलाय तिनं तो मळा.

पॉलेट : तिसरा मजला, चौतीस नंबरची खोली. खिडकीकडची खाट तुझी, दाराकडची माझी. तुझी लॅटिनची भाषांतरं दोन वर्षं मी केली. शेवटच्या वर्षी तू चार दिवस न्हाली नव्हतीस, जमिनीवर बसून रडत होतीस, आणि मी तुझा प्रबंध टाइप करून दिला. टाइप नाही, लिहून दिला. त्याला बक्षीस मिळालं. आत्ता येताना हॉलमधली पाटी बघितली. सोनेरी अक्षरांत नाव आहे तुझं.

मार्शा : हळू बोला, बाई.

पॉलेट : तुला वाईट वाटावं म्हणून नाही सांगितलं. ओळख पटावी म्हणून सांगितलं.

मार्शा : ग्रेचेन.

ग्रेचेन : हं.

मार्शा : पॉलेटचं पत्र आलं होतं ना तुला?

ग्रेचेन : गेल्या महिन्यात.

मार्शा : पोर्तुगालहून?

ग्रेचेन : पोर्तुगालहून.

मार्शा : अक्षर तिचंच होतं?

ग्रेचेन : तिचंच. हल्ली मनगट दुखतं म्हणते, पण तिचंच.

मार्शा : आणि या बाईंना तू ओळखतेस?

पॉलेट : सांग ना, ग्रेचेन.

ग्रेचेन : नाही. आत्ताच आल्या या.

मार्शा : मग प्रश्न मिटला. पॉलेट पोर्तुगालात आहे.

पॉलेट : मार्शा, एकदा नीट बघ माझ्याकडे.

मार्शा : बघितलं.

पॉलेट : मग?

मार्शा : मग काही नाही. हे बघा बाई, तुम्ही लांबून आलेल्या दिसता, आणि या कॉलेजातून कधी कुणी उपाशी गेलेलं नाही. ग्रेचेन, यांना पाहुण्यांचा बिल्ला दे, पिवळा. त्यावर चिकन, सॅलड आणि केक मिळतो. केक दोनदा घ्या हवा तर. संध्याकाळच्या बैठकीला मात्र पाहुण्यांना येता येत नाही. ती फक्त आमच्या मुलींची असते.

पॉलेट : माझी दोन मिनिटं?

मार्शा : पॉलेटची दोन मिनिटं ग्रेचेन वाचून दाखवेल. दर वेळी तीच दाखवते, आणि दर वेळी सगळ्या रडतात. मी बर्फाचं बघते.

पॉलेट : गेली ती.

ग्रेचेन : हो. हा घ्या बिल्ला. थांबा, यावर नाव घालावं लागतं.

पॉलेट : माझं?

ग्रेचेन : नाही, पाहुण्यांच्या नावाला जागाच नाही यावर. नवऱ्यांसाठी केलेत हे, त्यांची नावं कोण विचारतंय? फक्त कुणाचे पाहुणे ते लिहायचं.

पॉलेट : तुझं लिहितेस?

ग्रेचेन : माझं नको बाई. माझा आज वाडगा आहे.

पॉलेट : मग पॉलेट थिबोडोचं लिही.

ग्रेचेन : चालेल?

पॉलेट : दुसऱ्या कुणाला मी ओळखत नाही इथे.

ग्रेचेन : "पॉलेट थिबोडो यांच्या पाहुण्या." झालं. अगदी सुरेख दिसतंय. टाचणी जपून लावा हं, कापडाला भोक पडेल.

पॉलेट : पडू दे.

ग्रेचेन : आणि तिची गाठ पडली की आठवणीनं सांगा. आम्हा सगळ्यांना तिची फार उणीव भासली म्हणावं.