खिशातला फ्यूज

इलेक्ट्रिकच्या दुकानात माझ्यापुढे दोन बायका उभ्या होत्या, एका वायरमनची बायको आणि तिची नणंद.

"मेन बोर्डाचा फ्यूज द्या. पांढरा, चिनीमातीचा."

"तार जळली असेल वहिनी. नुसती तार बदलली तरी चालेल," दुकानदार म्हणाला.

"अख्खा फ्यूजच नाहीये घरात."

"असा कसा हरवला? वायरमनदादा तर वस्तू जागच्या जागी ठेवणारे."

"दादा गेला हो माझा. चार दिवस झाले."

"काय सांगताय ताई? शॉक लागला?"

"सगळे हेच विचारतात. शॉक कसा लागेल? टेस्टरसुद्धा ते आधी चालू बटणावर लावून बघायचे, पेटतोय ना. मगच बंद तारेवर. पंखा काढायला स्टुलावर चढले आणि हृदयच बंद पडलं."

"आणि फ्यूज?"

"खिशात. काम करताना काढून खिशातच ठेवायचे. आपण सांगितल्याशिवाय कुणी चालू करू नये म्हणून."

"मग खिशातच असेल ना?"

"अंगावरच्या शर्टासकट सरणावर गेला. त्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहणार?"

"तेव्हापासून मेणबत्तीवर चाललंय हो. मी म्हटलं, कुणाकडून तरी तार जोडून घेऊ. वहिनी ऐकत नाही."

"फ्यूज नसताना तार जोडायची? ओरडले असते."

"हा घ्या वहिनी. मी येऊन बसवून देऊ का?"

"बसवता येतो मला. काम संपलं की माझ्याच हातात द्यायचे. मी बोर्डापाशी जाऊन विचारायची, लावू का? ते आतून 'लाव' म्हणाल्याशिवाय कधी लावला नाही मी."