चौघांची सही

मंडळी, मला एक सांगा, शाळा कोणाची? खुर्चीत बसतो त्याची? की खडू झिजवतो त्याची? थांबा, घाई नको! आधी कळंबशेतच्या शाळेत काय घडलं ते ऐका!

चार शिक्षक. त्यात मुख्याध्यापिका शेवंता खरात. रुजू झाल्या आणि आठवड्यात तिघांना बसवून म्हणाल्या, "चौथीतल्या निम्म्या पोरांना वाचता येत नाही. मला एकटीला सुचत नाही. तुम्ही सांगा!"

साहेब माणूस म्हणतो, मला सुचत नाही! अहो, आपल्याला रस्ता चुकला तरी कबूल करवत नाही! हसताय? शेजारी बायको बसलीय, जपून!

तांबोळीबाई म्हणाल्या, "सकाळचे दोन तास इयत्ता विसरू. ज्याला जेवढं वाचता येतं, तो त्या गटात." ठरलं! अक्षरओळखीचा सगळ्यात अवघड गट खरातबाईंनी स्वतः घेतला. घंटा झाली की पळणारे बाविस्कर सर संध्याकाळी थांबू लागले! कोणी सांगितलं? कोणीच नाही! ठरवताना ते होते ना!

आणि तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. दुसरीची पोरगी चौथीच्या पोराशेजारी! कडाडले, "हे कोणाच्या डोक्यातून निघालं? एक नाव लिहून द्या!"

खरातबाईंनी सही केली. तांबोळीबाईंनी केली. बाविस्करांनी केली. राहिल्या मंदा वळवी. नोकरी अजून कच्ची! पण सही केली! म्हणाल्या, "साहेब, एक नाव नाहीच. चार आहेत."

खरातबाईंची बदली झाली. लांब, डोंगरापलीकडे. ती रद्द झाली नाही, खोटं कशाला सांगू? साहेबांना वाटलं, मोडली शाळा! मोडली? सोमवारी अक्षरओळखीच्या गटासमोर वळवीबाई उभ्या!

नवे मुख्याध्यापक म्हणाले, "जुनं वेळापत्रक लावा." बाविस्कर म्हणाले, "लावू. आधी एक सकाळ आमच्याबरोबर वर्गात बसा." ते बसले. आठवडाभर बसले! परीक्षेपर्यंत चौथीतली दोनच पोरं वाचायची राहिली, आणि त्या दोघांसाठी सुट्टीत शाळा उघडली कोणी? त्या नव्या सरांनी!

आता तुमच्याकडे येतो. मागच्या पालकसभेला किती जण होता? माना खाली घालू नका! पोरगं वाचत नाही म्हणून मास्तरांच्या नावानं बोटं मोडायची, आणि सभेला फक्त सतरंजी हजर? देवासमोर बसलाय, खरं बोला! उद्या शाळेत जाऊन "आमच्या वाटणीचं काम द्या" असं कोण म्हणणार?

हात वर करा! ... अजून!