माहेराची पातळी न वाढवणारी सुरेखा

मंडळी, जमलात, बरं केलंत. मला बोलायची सवय न्हाय, आन् आज तर मान वर होत न्हाय. सुरेखा माझी सख्खी पुतणी. या गावची लेक, कालव्याची इंजिनिअर. आजारानं गेली. वयाच्या हिशेबानं बोलायचं होतं तिनं, माझ्या शोकसभेत. झालं उलटंच.

आपल्या कालव्याच्या गेटचं काम तिच्याकडं आलं, तवा आपण पारावर पेढे वाटले. कशाचे? लेक मोठी झाली म्हणून? न्हाय. आता पाणी आपलंच, म्हणून.

तिनं गेट कसं बनवलं? आपल्या बाजूला पाणी ठरल्या पातळीवर चढलं की आपोआप उघडून खाली सोडायचं, उतरलं की मिटायचं. तिथं ना चावी, ना वशिला. आपल्याला आपल्या वाट्याचं, खालच्या गावाला त्यांच्या वाट्याचं.

मग आपण तिच्या घरी गेलो. बोललो मीच. "पोरी, आपल्या बाजूची पातळी चार बोटं वर धर. कुणाला कळतंय?"

"काका, खालच्या गावाला कळंल. त्यांच्या पाटाच्या चाऱ्या कोरड्या पडतील."

"माहेरासाठी एवढं करायची न्हाईस?"

"माहेराला कुणी नाव ठेवावं, असं करायची न्हाय."

गेट बसवायला ती आली. ऊन लई होतं. दिवसभर कालव्यावर उभी होती. जेवायला कुणी बोलावलं तिला? माझ्या सुनंनं ताट वाढलं होतं. म्या म्हटलं, ठेव झाकून. जेवली ती खालच्या गावात. निघताना तिथल्या बायांनी तिची ओटी भरली. लेक आपली, आन् ओटी परक्यांनी भरली! तरी जाताना माझ्या दारात थांबली. "काका, येते." म्या तोंड फिरवलं.

त्या साली आपला गहू निघाला. त्यांचाही निघाला. आपलं काय कमी झालं, सांगा? सांगा की कुणीतरी!

तिच्याकडं जायचं, बोलायचं, हे मनातच राहिलं. आज जाऊ, उद्या जाऊ. लाज आडवी यायची. आता लाजच राहिली, पोर राहिली न्हाय.

मंडळी, मागं वळून बघा. खालच्या गावच्या बाया आल्यात. मघापासून भिंतीला टेकून उभ्या आहेत. आन् आपण सतरंजीवर बसलोय.

उठा. आधी त्यांना पुढं बसवा.

आता कुणी काही बोलू नका. आपण उभंच राहू, थोडा वेळ. सुरेखासाठी.