बेडूक, अळी आणि माझी शुद्ध प्रत

माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती देवराव, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती रंभाबाई, आणि काटोलहून बैलबंडीने येऊनही आमच्याआधी पोचलेले बागाईतदार बंधू,

आमच्या कचेरीच्या कीटकशाखेत देवरावांनी तीस वर्षे किडे पाळले. मी, कृष्णकांत, तीस वर्षे त्यांच्या टिपणांची शुद्ध प्रत काढली. साहेबांपुढे टिपण जायचे ते हेडबाबूच्या अक्षरात, अशी शिस्त. अक्षराचा मला आजही अभिमान आहे. उरलेल्याबद्दल बोलायला उभा आहे.

एकवीस सालच्या पावसाळ्यात देवरावांनी लिहिले की, बागेतली एक अळी बरणीत बेडकासमोर मिशा हलवीत बसते. बेडूक खायला झेपावतो. अळी चटकन सरकून त्याच्या गळ्याला चिकटते. दोन दिवसांनी बरणीत अळी असते, बेडकाची हाडे असतात.

सभ्य गृहस्थहो, हे वाचून कारकुनाने काय करावे? मला वाटले, घाईत नावांची अदलाबदल झाली. मी बेडकाच्या तोंडी अळी दिली. मिशांचा मजकूर फापटपसारा म्हणून गाळला. साहेबांनी समासात शेरा मारला : "बेडूक अळी खातो, हे पाहायला सरकारने माणूस ठेवावा काय?" देवरावांना मिळायची सहायकाची जागा दुसऱ्याला गेली.

ते माझ्या टेबलाशी आले. "बाबूजी, काहून बदलवलं जी? म्या माह्या डोयानं पाह्यलं."

"देवराव, असे होत नसते," मी म्हणालो आणि टाक दौतीत बुडवला.

गेल्या महिन्यात त्यांनी एक बरणी माझ्या टेबलावर ठेवली. एवढेच म्हणाले, "आता तुमीच पाहा जी." मी दिवसभर पाहिले. बेडूक चांगला धट्टाकट्टा होता. संध्याकाळी अळी त्याच्या गळ्याला चिकटलेली होती, आणि मला फार लाज वाटली.

अध्यक्षांनी बोलू दिले, आपण ऐकून घेतले, आभारी आहे. भाषणात काही अधिकउणे झाले असल्यास सभेने पोटात घालावे. त्या प्रतीची माफी मात्र सभेकडे नाही, देवराव, ती तुमच्याकडे आहे. रंभाबाईंचे मत आपण नंतर घेऊ.

त्या टिपणाची नवी प्रत आणली आहे. एके ठिकाणी शब्द सुधारावासा वाटला, हात आवरला. खाली मी सही केलेली नाही. ती जागा तुमची आहे.