तोमारू विरुद्ध किबान

पिंपळनेरहून धुळ्याला निघालेल्या एसटीत मंजुळाबाईंचा नुकताच डोळा लागला होता. मागच्या सीटवर कॉलेजच्या दोन मैत्रिणी, सबा आणि ज्योती, कुठल्याशा जपानी कार्टूनवरून हमरीतुमरीवर आल्या आणि झोप उडाली.

"ज्योते, तोमारू एका बुक्कीत डोंगर फोडतो!"

"फोडू दे ना, सबा. किबान सावलीत शिरतो. मग बुक्की लागणार कुणाला?"

"सावलीसकट उडवेल!"

"हट्! साक्रीपासून तुझं एकच पालुपद. उद्यापासून मी दुसऱ्या सीटवर बसणार."

"बस! खुशाल बस!"

मंजुळाबाईंना राहवेना. त्यांचे मालक जत्रेत पैलवानांच्या जोड्या लावायचे.

"काय व, ही जोड लाई कोणी? आमना जत्रामा बरोबरीना पैलवान देखीसन कुस्ती लावतस."

"नाही अक्का, ते लढतच नाहीत. जिवलग मित्र आहेत दोघं," ज्योती म्हणाली.

"मंग तुम्ही कसाले भांडी ऱ्हायनात?"

सबाने पुढे वाकून विचारलं, "पण अक्का, समजा लढलेच, तर?"

"ताकद कोणाले जास्त शे?"

"तोमारूला," ज्योती पुटपुटली.

"मंग तोच पाठ टेकी देई. मुद्दाम. दोस्त शे ना!"

मंजुळाबाईंनी पुन्हा डोळे मिटले. मागून जरा वेळाने आवाज आला,

"ज्योते, इकडे सरक. खिडकीत तू बस."